दहा लाख नऊ आणि हातचा एक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेत नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. एका माणसाने केलेलं गणित बरोबर होतं, ते बरोबर आहे हे मला कळलं होतं, आणि मी त्याच्या तोंडावर त्याला ते चुकलं म्हणून सांगितलं. घडलं ते एवढंच. ऐकणारा म्हणेल, एवढंसं तर आहे, त्यात काय. पण दर मार्चला ते माझ्या घशाशी येतं, पित्तासारखं.

मार्च पुन्हा आलाय. पनवेलचा मार्च मला कधीच आवडला नाही. आता तर त्याची शिसारी येते. मोहोरावर तुडतुडे पडलेले असतात आणि आंब्याखाली लावलेल्या स्कूटरच्या सीटवर चिकटा बसतो, हात लावला की बोटं एकमेकांना धरून ठेवतात. सकाळी वारा तळोज्याच्या कारखान्यांकडून आला तर नासक्या फळासारखा गोडसर वास, दुपारी खाडीकडून आला तर चिखलाचा. रसवंतीच्या गाड्यांवर माशा. शाळेच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्यात लाल पिचकाऱ्या. पेपर सुटला की गटारात मुंगीएवढ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या फुगून तरंगतात. आणि या सगळ्यावर ओल्या डस्टरचा वास. हा शेवटचा वास फक्त मला येतो. आता शाळेत डस्टर ओला कुणी करत नाही, फळे पांढरे आहेत.

तेव्हा करायचे. दोन हजार सहा-सातचा सुमार. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला एक काळा फळा होता. वर पांढऱ्या रंगात कायमचं लिहिलेलं, ‘आजची संख्या’. ती कल्पना माझी. रोज सकाळी एक संख्या आणि खाली तिची खासियत. मुलं वाचायची, पालक वाचायचे. परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे दहावीचं केंद्र असे, त्यामुळे बाहेरच्या शाळांतले लोकही फाटकाशी उभे राहून वाचत. ‘हे कोण सर लिहितात?’ असं कुणी विचारलं की मी मुद्दाम तिथून हळू चालत जायचो. तो चालण्याचा वेग आठवला की आजही पाय जड होतात.

त्या मार्चमध्ये, दहावीचा पहिला पेपर व्हायच्या आधी, मी दहा लाख नऊ ही संख्या लिहिली. एकावर पाच शून्यं आणि शेवटी नऊ. आकडा दिसायला देखणा. खाली लिहिलं: ‘ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. ही दोन वर्गांची बेरीज आहे, हजाराचा वर्ग अधिक तिनाचा वर्ग. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच तऱ्हेने लिहिता येते. दुसरी तऱ्हा असेल तर दाखवा. दाखवणाऱ्याचे नाव वर्षभर या फळ्यावर राहील.’ एवढी एक संख्या परीक्षा संपेपर्यंत पुसायची नाही, असं सांगून ठेवलं.

नियम खरा होता. चारने भागून एक उरणारी मूळ संख्या दोन वर्गांत एकाच तऱ्हेने फुटते, हे पक्कं आहे. खोटं होतं ते वरचं वाक्य. ही संख्या मूळ आहे असं ठरवायला हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. अशा एकशे अडुसष्ट. मी एकशे नव्याण्णवपर्यंत आलो, सेहेचाळीस भागाकार झाले, तेवढ्यात चहा आला. कंटाळा आला होता. म्हटलं, एवढ्यात नाही गेला भाग तर पुढे काय जातोय. वर्गात रोज ओरडत असे, पायऱ्या गाळू नका रे. आणखी सोळा भागाकार केले असते तर दोनशे त्र्याण्णववर येऊन थांबलो असतो.

हसुराम आमचा शिपाई. जवळच्या कोन गावचा. वय माझ्यापेक्षा सात वर्षांनी जास्त, तरी मी त्याला अरे म्हणायचो आणि तो मला अहो. घंटा तो द्यायचा, म्हणजे व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी दांडा. संध्याकाळी फळा ओल्या डस्टरने तोच पुसायचा, त्यामुळे माझी प्रत्येक संख्या शेवटची वाचणारा माणूसही तोच. तीनदा दहावीला बसून तिन्ही वेळा गणितात गेलेला. त्या वर्षी त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, बाहेरून बसायचा. बाकीचे विषय आधीच सुटलेले, गणित तेवढं उरलेलं. मुख्याध्यापिका बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, दहावी झालास की प्रयोगशाळेतल्या सहाय्यकाच्या जागेसाठी तुझं नाव पाठवते. ही गोष्ट सगळ्या शाळेला माहीत होती. मलाही होती.

परीक्षा सुरू झाली. पेपर चालू असताना व्हरांड्यात काय शांतता असते! पंखे, कागदांची सळसळ, मधूनच ‘सर, पुरवणी’. हसुराम स्टुलावर बसून काहीतरी लिहीत असायचा. मला वाटायचं अभ्यास करतोय. दर अर्ध्या तासाने उठायचा, टोला द्यायचा, परत बसायचा.

पहिल्या आठवड्यातली एक दुपार. पेपर सुटला होता, शिक्षक-खोलीत आम्ही डबे उघडले होते. हसुराम दारात आला, हातात चार घड्या घातलेला कागद.

“सर, जरा बगता काय?”

“काय रे, घंटा वाजत नाही का?”

“घंटा झाली. ती फल्यावरची संख्या... ती मूल नाय.”

त्यांच्या बोलीत ळ नसतो, ळच्या जागी ल येतो. मूळचं मूल झालं. इंग्रजीचे सर भाकरी चघळत म्हणाले, “मूल नाही? मग काय म्हातारी आहे?” सगळे हसले. मीही हसलो. आणि त्याच्यावर कडी म्हणून म्हणालो, “हसुराम, आधी ळ म्हणायला शीक, मग संख्या फोड.”

तोही हसला. “ळ नाय येत सर. पन वर्ग येतो.”

आणि कागद माझ्या डब्याशेजारी ठेवला.

कागदावर अठ्ठावीस ओळी होत्या. पेन्सिलीने, एकाखाली एक, सरळ. “आमचा बापूस मिठागराव व्हता,” तो सांगत होता. “मी त्यांचेच चौकोन धरले. हजाराचा मोठा चौकोन, त्याच्यातनं दोनी अंगांनी एकेक रांग कमी करीत गेलो. जो माल उरंल, त्याचा दुसरा पुरा चौकोन भरतो काय, यवढाच बगायचा. नऊशे नव्व्यान्नवला नाय भरला. अठ्ठ्यान्नवला नाय. असा करीत करीत अठ्ठाविसाव्यांदा भरला, सर. काठोकाठ.”

शेवटची ओळ: नऊशे बहात्तरचा वर्ग, अधिक दोनशे पस्तीसचा वर्ग.

दोनशे पस्तीसचा वर्ग मी तोंडी करू शकत होतो, पाचावर संपणाऱ्या संख्यांची ती युक्ती मीच मुलांना शिकवतो. तेवीस चोवीस पाचशे बावन्न, पुढे पंचवीस. पंचावन्न हजार दोनशे पंचवीस. नऊशे बहात्तरचा गुणाकार त्याने कागदाच्या कडेला उभा मांडला होता: नऊ लाख चव्वेचाळीस हजार सातशे चौऱ्याऐंशी. बेरीज डोळ्यांसमोर जुळली. दहा लाख नऊ. भाकरीचा घास तोंडात तसाच राहिला.

“तुमी लिवलंय, एकच तऱ्हा,” हसुराम म्हणाला. “ही दुसरी. मंग ती मूल कशी?”

“काय सर, फुटली का तुमची संख्या?” इंग्रजीचे सर.

मी त्या क्षणाकडे पुष्कळदा परत गेलोय. कुणी माझा गळा धरला नव्हता. ‘अरे वा’ एवढे दोन शब्द पुरले असते. इंग्रजीच्या सरांनी दोन दिवस चिडवलं असतं आणि विसरले असते. पण मला फाटकातला फळा दिसला, आणि त्यावर खडूने लिहिलेलं ‘हसुराम’, वर्षभर. रोज माझ्या अक्षरात. मी खिशातलं लाल पेन काढलं.

उभ्या गुणाकारात शतकाच्या घरी नऊ आणि आठ सतरा झाले होते. सात खाली, हातचा एक. तो एक त्याने वर बारीक, जपून लिहिला होता. मी त्याच्याभोवती लाल गोल काढला.

“हा हातचा इथे येत नाही.”

“नाय येत?”

“नाही. हा काढ. मग उत्तर बदलतं, उरतात छप्पन्न हजार दोनशे पंचवीस, आणि तो कशाचाच वर्ग नाही. बघ करून.”

माझ्या खोट्यालाही उत्तर आलं होतं, हे मी विसरू शकत नाही. तो तिथेच उभ्याने, ओठ हलवत, आकडे जुळवत राहिला. शंका त्याच्या चेहऱ्यावर आली होती. मी पाहिली. माझ्याकडे पाहिल्यावर ती गेली. सरांनी सांगितलंय म्हटल्यावर सतरातला एक जायचा कुठे, हे त्याने विचारलं नाही. बोटांवर मोजणाऱ्या पोराने विचारलं असतं.

“मंग तीनदा त्याच्यापायीच गेलो आसंन मी,” तो म्हणाला. “हातच्यापायी.” आणि मग, “बरा झाला सर, पेपराच्या आधी कलला.”

त्याने कागद उचलायला हात पुढे केला. “राहू दे माझ्याकडे,” मी म्हणालो.

पुढच्या मोकळ्या तासाला मी तो कागद घेऊन प्रयोगशाळेत बसलो. दोन तऱ्हा हातात असल्या की अवयव काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत. दोनशे त्र्याण्णव गुणिले तीन हजार चारशे तेरा. दोन्ही मूळ. किती सुंदर फुटते ती संख्या! दोनशे त्र्याण्णव म्हणजे पुन्हा दोन वर्ग, सतराचा आणि दोनाचा. तीन हजार चारशे तेरा म्हणजे अठ्ठावन्नचा आणि सातचा. चौकोनात चौकोन बसलेले, आणि ते दार मिठागरातल्या माणसाने उघडून दिलेलं. मला आनंद झाला. हे लिहिताना त्या आनंदाचीच सर्वांत जास्त किळस येते. बाहेर जाऊन मी डस्टर भिजवला आणि फळा स्वतःच्या हाताने पुसला. दुसऱ्या दिवशी एक साधीशी संख्या लिहिली, चारअंकी, सगळ्यांना पचेल अशी.

बीजगणिताच्या पेपरला हसुरामची रजा होती. त्याचं केंद्र आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. सकाळी पावणेअकराला मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन जिना चढत होतो तर व्हरांड्यात तो उभा, गणवेशात, हातात लोखंडी दांडा.

बाईंनी विचारलं, “हसुराम, तुझी रजा ना आज?”

“मोडली, बाई.”

“अरे, आणि पेपर?”

“नाय जमत हातचा. उगा कशाला चवथ्यांदा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “सर, तुम्ही तरी सांगा हो याला.”

पावणेअकरा. दहा मिनिटांचा रस्ता. उशिरा आलेल्यालाही थोडा वेळ आत घेतात. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पण ते बोललो असतो तर मागचंही बोलावं लागलं असतं, बाईंसमोर. मी म्हणालो, “मनाची तयारी नसेल तर उगीच जबरदस्ती नको.” आणि वर गेलो. बरोबर अकराला हसुरामने टोला दिला. ज्या पेपरला तो बसणार होता त्याच पेपरची घंटा. खोलीतल्या मुलांनी माना खाली घातल्या. मी खिडकीशी उभा राहून नळाखाली हात धुतल्यासारखे हात चोळत होतो. हातांना खडू नव्हता.

इथे थांबलो असतो तरी माणूस म्हणायला काही उरलं असतं. पण शाळेच्या वार्षिक अंकासाठी बाईंनी लेख मागितला, आणि मी तो लिहिला. दहा लाख नऊ या संख्येवर. ती मूळ वाटते पण नाही, हे ‘माझ्या ध्यानात आले’, असं लिहिलं. नऊशे बहात्तर आणि दोनशे पस्तीस, सगळं आलं त्यात. मिठागर नाही आलं. पालकांनी कौतुक केलं. कुणीतरी म्हणालं, सर, तुमच्या नम्रतेचं विशेष वाटतं, फळ्यावरची चूक स्वतःच दाखवलीत.

अंकांचे गठ्ठे छापखान्यातून हसुरामने खांद्यावरून आणले. सुतळी त्यानेच कापली. मी शिक्षक-खोलीच्या दारातून पाहत होतो. वरचा अंक त्याने चाळला आणि एका पानावर थांबला. उभ्यानेच वाचत होता, बोट ओळीखाली. बोट एका जागी बराच वेळ थांबलं. मग त्याने अंक मिटून गठ्ठ्यावर सारखा करून ठेवला, आणि माझ्यासाठी एक प्रत घेऊन आला.

“सर,” तो म्हणाला, “हातचा गावला वाटतं.”

आवाजात राग नव्हता. मी ‘हं’ म्हणालो. त्याने मला शिवी दिली असती तर मी ती आजवर कुठेतरी खर्चून टाकली असती. त्यानंतर दहा वर्षं तो त्याच शाळेत होता. रोज मला नमस्कार करायचा. प्रयोगशाळेत दुसरा माणूस आला, चांगला होता, बीकर फोडायचा. हसुराम घंटाच देत राहिला, ती विजेची झाल्यावर बटण दाबत राहिला. ‘आजची संख्या’ मी त्याच वर्षी बंद केली. प्रकृतीचं कारण सांगितलं. शाळेत माझ्याबद्दल म्हणतात, सर कमी बोलतात, हातचं राखून बोलतात.

पुढे केव्हातरी एका पुस्तकात वाचलं, की अडीचशे वर्षांपूर्वी एका फार मोठ्या गणितीनेही दहा लाख नऊ ही संख्या मूळ म्हणून यादीत घातली होती. हीच संख्या. हीच चूक. म्हातारपणी, डोळे गेलेले असताना त्याला दुसरी तऱ्हा सापडली, नऊशे बहात्तर आणि दोनशे पस्तीस, आणि आपलं चुकलं होतं हे त्याने स्वतःच लिहून प्रसिद्ध केलं. मी पुस्तक मिटलं. क्षणभर बरं वाटलं होतं, की एवढ्या मोठ्या माणसाचंही चुकलं. मग लक्षात आलं, त्याच्या-माझ्यात सारखी होती ती फक्त चूक. त्याने जे पुढे शोधलं त्याच्याशी जुळणारा माणूस आमच्या शाळेत स्टुलावर बसलेला होता.

हसुराम दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. निरोपसमारंभात मी बोललो, प्रामाणिक सेवा वगैरे. तो खुर्चीत अवघडून बसला होता, हाराखालची मान खाजवत. मागच्या मार्चला मी कोनला गेलो होतो, ठरवून. घर विचारलं. रस्त्यावरच्या बाईने हात करून दाखवलं, “त्यो काय, निल्या दाराचा. हाय घरान.” दार उघडं होतं. आत तो आणि त्याची बायको जमिनीवर बसून वाल सोलत होते. मी वीस पावलांवर उभा होतो. तो वर पाहील असं वाटलं, आणि मी वळलो. कोपऱ्यावरून अर्धा किलो काकड्या घेतल्या, म्हणजे आलो कशाला हे कुणी विचारलं तर सांगता यावं. घरी आणलेल्या त्या काकड्या कडू निघाल्या, असं बायको म्हणाली. मी खाल्ल्या नाहीत.

काल शाळेतून येताना पाहिलं, जिथे खाडीकाठी चौकोन दिसायचे तिथे भराव टाकलाय. डंपरमागून डंपर. तोंडात धूळ गेली, खारट लागली. तो कागद अजून माझ्याकडे आहे, लॉग-टेबलच्या जुन्या पुस्तकात. अठ्ठावीस ओळी, पेन्सिल पुसट झालीय. लाल गोल मात्र कालच काढल्यासारखा.

तो कागद हसुरामचा आहे, तो मला त्याला परत द्यायचा आहे. आणि त्याच्या बायकोसमोर, अहो-जाहो करून, एवढं सांगायचं आहे: हसुरामभाऊ, तुमचा हातचा बरोबर होता, मला तेव्हाच कळलं होतं, मी खोटं बोललो. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.